निवृत्तीनंतर गावी राहण्यातील समाधान

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सेवानिवृत्तीनंतर कोठे राहावे, हा प्रश्न नोकरीसाठी सोलापूर जिल्हा सोडून पुण्या-मुंबईला गेलेल्या आमच्या पिढीपुढे आज उभा आहे. बहुतेकांचे उत्तर मुलांच्या घराजवळचा फ्लॅट हेच असते आणि गावाकडचे वडिलोपार्जित घर जत्रेपुरते किंवा भावकीतल्या लग्नापुरते उघडले जाते. पुण्यातील नोकरी संपल्यावर मी पत्नीसह मंगळवेढा तालुक्यातील आमच्या गावी कायमचा राहायला आलो. म्हातारपणी गावी जाणे म्हणजे अडगळीत पडणे, असा समज अजूनही अनेक घरांत असल्याने त्याविषयी लिहावेसे वाटले.

येथे जे समाधान मिळते ते विश्रांतीचे नाही, वर्षाच्या कामात आपलाही वाटा ठरलेला असण्याचे आहे. आमच्याकडील रब्बी ज्वारीचे पीक मुख्यतः काळ्या जमिनीने पावसाळ्यात धरून ठेवलेल्या ओलीवर येते. सप्टेंबर-ऑक्टोबरात मालदांडी या ज्वारीच्या वाणाची पेरणी होते, पुढे थंडी आणि दव यांच्या आधाराने पीक वाढते, आणि पौष-माघात शेतात हुरड्याची आगटी पेटते. मंगळवेढ्याच्या या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आम्हा सर्वांना अभिमान आहे. तरीही माझ्या मते तिचे खरे मोल काढणीच्या दिवसांत कळते. कडबा अखंड मिळावा म्हणून आमच्याकडे ताटे मुळासकट उपटतात. हे तरण्या माणसांचे काम आहे, माझ्या कमरेला ते झेपत नाही. पण उपटलेली ताटे वाळल्यावर मोडणी सुरू होते, तेव्हा पेंढीशेजारी बसून एकेक कणीस मोडून ढिगावर टाकायला वयाची अडचण येत नाही. शेजारच्या ऐंशी वर्षांच्या आजी त्या कामात आम्हा सर्वांच्या पुढे असतात, आणि हात चालू असताना कोणाची लेक कोठे दिली, कोणत्या विहिरीला कोणत्या दुष्काळात पाणी टिकले, हे सारे त्यांच्याकडून ऐकायला मिळते. शहरात माझा सल्ला घरातही क्वचितच कोणी विचारीत असे. येथे पीककर्जाचा अर्ज किंवा पोराचा शाळेचा दाखला घेऊन रोज कोणीतरी ओट्यावर येऊन बसते आणि जाताना मूठभर शेंगा ठेवून जाते.

खर्चाचे सांगायचे तर गरजाच कमी झाल्या आहेत. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, परड्यातली भाजी आणि घरचे ताक एवढ्यावर दोन्ही वेळचे जेवण तृप्तीने होते, आणि निवृत्तिवेतनातून उरलेले पैसे नातवंडांच्या शिक्षणासाठी बाजूला पडतात.

अडचणी नाहीत असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. हा अवर्षणप्रवण मुलूख आहे. पाऊस हुकला की उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. रक्तदाबाच्या गोळ्या आणण्यासाठी तालुक्याला जावे लागते. एस. टी.त ६५ ते ७५ वर्षे वयाच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास विनामूल्य आहे, ही मोठीच सोय होय. मात्र सवलत उपयोगी पडण्यासाठी आधी गाडी गावात यावी लागते. आमच्यासारख्या आडवळणाच्या गावांना सकाळी जाणारी आणि संध्याकाळी परतणारी एक तरी खात्रीची फेरी असावी, आणि ज्येष्ठांची नियमित औषधे ठरलेल्या दिवशी गावातच मिळावीत, एवढे झाले तरी परतण्याची इच्छा असूनही मागेपुढे पाहणारी कितीतरी वृद्ध जोडपी निर्धास्तपणे गावी येतील, असे मला मनापासून वाटते. आपल्या दैनिकाने हा प्रश्न लावून धरावा, अशी विनंती आहे.

ज्यांचे घर गावी अजून उभे आहे त्यांनी ते विकण्याची घाई करू नये. माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, पावसाळ्यापूर्वी पांढरी माती टाकून घ्यावी, आणि निदान एक हंगाम, पेरणीपासून मळणीपर्यंत, तेथे राहून मग निर्णय घ्यावा. मुलांनीही आईवडिलांच्या या इच्छेचा अर्थ रुसवा असा लावू नये. सुट्टीत नातवंडांना हुरड्याच्या दिवसांत पाठवावे. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणीस हातावर चोळून गरम दाणे खाताना आजोबा त्यांना जे सांगू शकतात, ते फ्लॅटच्या दिवाणखान्यात सुचत नाही.

कळावे,
आपला विश्वासू,
एक सेवानिवृत्त वाचक,
ता. मंगळवेढा, जि. सोलापूर