आई वारीत असताना

सातपूर, नाशिक
रविवार, रात्र

प्रिय बाळू,

आठ महिन्यांनी लिहितोय. दिवाळीतल्या तुझ्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलं, मग लाज वाटायला लागली, आणि त्या लाजेपायी आणखी राहिलं. माझी शुगर आटोक्यात आहे, कल्पनाची मान अधूनमधून धरते, बाकी बरं. आज बसलो, कारण जे झालंय ते तुझ्याखेरीज कुणाला सांगता येणार नाही.

मागच्या रविवारी मी आमच्या घरात मटण शिजवलं.

आई निवृत्तीनाथांच्या पालखीबरोबर चालतेय. पालखी त्र्यंबकहून सातपूरला आली तेव्हा मी तिच्या पायावर डोकं ठेवलं, पिशवीत गोळ्या आणि गुडघ्याचं तेल घातलं. तेव्हा माझ्या मनात असलं काही नव्हतं. खरंच नव्हतं, बाळू. पण मागच्या रविवारी ती राहुरीच्या आसपास होती आणि मी खाटकासमोर रांगेत उभा होतो. आखाड लागायचा होता, तरी रांग ही मोठी. अर्धा किलो घेतलं. घरातलं एकही भांडं वापरलं नाही, भांडीबाजारातून नवं पातेलं आणलं, गच्चीवर शेगडी मांडली. निघताना देवघराचं दार ओढून घेतलं. का ओढलं ते तू विचारणार नाहीस, म्हणून तर तुला लिहितोय.

मुक्ता अकरावीला गेली. एप्रिलपासून जिना चढली की धापा टाकायची, केस गळायचे, अभ्यासाला बसली की डोकं टेबलावर. आम्ही म्हणायचो मोबाइल, जागरण. एक दिवस क्लासच्या पायरीवर चक्कर येऊन पडली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.१. बारा तरी हवं. बी-१२ पण खूप कमी निघालं. डॉक्टरबाई शांत आहेत, पण आकडा बघून त्यांनी चष्मा काढून ठेवला, ते मला अजून दिसतं. लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, बी-१२ ची इंजेक्शनं दिली, आणि जाता जाता म्हणाल्या, "घरात चालत असेल तर आठवड्यातून दोनदा मटण, नाहीतर अंडी तरी." चालत असेल तर! आमच्या घरात चाळीस वर्षं कांद्याला एकादशीला रजा असते, तुला माहीतच आहे.

आईला फक्त गोळ्यांचं सांगितलं. ती कंबर कसून लागली. सकाळी राजगिरा, दुपारी माठ, संध्याकाळी पालक, मध्ये खजूर-गूळ. पंचवटीच्या बाजारातून स्वतः जुड्या निवडून आणायची. शेजारच्या काकूंनी बीटचा रस सुरू केला, का तर लाल असतो. (बीटमध्ये लोह अगदी थोडं असतं, रंगाचा आणि रक्ताचा काही संबंध नाही. पण काकूंना कोण सांगणार?) त्यातच गोळ्यांनी मुक्ताला मळमळायला लागलं आणि ती त्या गुपचूप खिडकीतून खाली टाकायची. कुंड्यांमध्ये सापडल्या. त्या दिवशी मी आईवर ओरडलो. म्हणालो, "तुझ्या पालेभाजीनं काही होत नाही, गवत चारतेस पोरीला." आई काही बोलली नाही. जुडी निवडत राहिली. आठच दिवसांनी वारीला निघाली.

मग मी वाचायला बसलो. मशीनवर माप घेताना मी जसा वाद घालतो तसाच इथेही घातला. आणि काय निघालं बघ. शंभर ग्रॅम कच्च्या पालकात लोह पावणेतीन मिलिग्रॅमच्या घरात. शंभर ग्रॅम कच्च्या बोकडाच्या मटणातही जवळजवळ तितकंच! कागदावर दोघं बरोबरीत. मी चाटच पडलो. फरक पुढे आहे. मटणातलं लोह रक्ताच्या लाल द्रव्याला बांधलेलं असतं, ते आतडं तसंच्या तसं उचलतं, शंभरातलं पंधरा ते पस्तीस अंगी लागतं. भाजीतलं लोह मोकळं, त्याला ऑक्सॅलेट अडवतं, भाकरी-डाळीतलं फायटेट अडवतं, चहा तर दाराशीच धरतो. शंभरातलं दहासुद्धा लागलं तर नशीब. शिवाय मटणाचा तुकडा ताटात असला की सोबतच्या भाजीचं लोहही जास्त लागू पडतं.

बी-१२ च्या बाबतीत तर भाजी हरलीच. कुठल्याच पालेभाजीत ते नसतं, जुड्यांचा ढीग खाल्ला तरी नाही. मटणात असतं, अंड्यात असतं, दुधा-दह्यात थोडं असतं, आणि मुक्ता लहानपणापासून दुधाला नाक मुरडते. प्रथिनं कच्च्या मटणात वीस ग्रॅम, पालकात तीनसुद्धा नाहीत.

इथवर वाचून मला जोर आला होता. म्हटलं, बघ, मीच बरोबर. पण पुढचं पान उलटलं. फोलेट, जे नवं रक्त बनायला लागतं, ते पालकात भरपूर, मटणात नावापुरतं. क जीवनसत्त्व पालकात पंचवीस-तीस मिलिग्रॅम, मटणात म्हणायला काही नाही. चोथा मटणात शून्य. आणि क जीवनसत्त्वच तर भाजीतल्या लोहाला आतड्यात शिरायला मदत करतं, म्हणून पालेभाजीवर लिंबू पिळतात. आई आयुष्यभर पिळत आलीय! माठात चिंच घालते, आंबटचुका शिजवते, तिला कुणी शिकवलं? लोखंडी कढई पण तिचीच. सहा वर्षांपूर्वी आम्ही नॉनस्टिक आणली तेव्हा ती चार दिवस रुसली होती. लोखंडी कढईत आंबट काही शिजवलं की लोह भाजीत उतरतं, हे मला आत्ता कळतंय.

आणि मटणाचं गणितही नीट मांडून पाहिलं. मुक्ताच्या वयाच्या मुलीला आपल्याकडच्या शिफारशीप्रमाणे रोज बत्तीस मिलिग्रॅम लोह लागतं. (आपल्या जेवणातलं फार थोडं लागू पडतं, हे धरूनच तो आकडा काढलाय.) आठवड्यातून दोनदा शंभर-शंभर ग्रॅम मटण खाल्लं तर त्या ८.१ चं काय होणार? थोडा हातभार लागेल, एवढंच. खड्डा भरणार तो गोळ्यांनीच. रोज लाल मांस खाल्लं तर त्याचं वेगळंच दुखणं, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१५ मध्ये ते संभाव्य कारणांच्या यादीत घातलंय, आणि सॉसेज, बेकन असल्या टिकवलेल्या मांसाला तर थेट पक्क्या कारणांत. म्हणजे आईला मी जे "गवत" म्हणालो ते चुकलं होतं. चूक होती ती जेवणाबरोबरच्या चहाची, कुंडीतल्या गोळ्यांची, आणि बी-१२ कडे कुणीच न बघितल्याची. पण हे सगळं वाचायच्या आधीच मटण शिजलं होतं रे. वाचलं ते त्या रात्री, जेवण झाल्यावर.

सटाण्याला तुझ्या आईनं पाट्यावर वाटलेला तो काळा मसाला आठवतो? एकोणीस वर्षांचा होतो मी. चुलीपाशी बसवून तिनं पहिली नळी माझ्या ताटात टाकली होती. दुसऱ्या दिवशी आमच्या घरी तूच माझ्या आईला सांगितलंस, "काकू, वांग्याचं भरीत होतं, यानं पाच भाकरी खाल्ल्या." पाच! चार होत्या. तेवढं वाढवून सांगायची तुला काय गरज होती? ते भरीत आजपर्यंत भरीतच राहिलंय.

आणि मग तू माळ घातलीस. तुझ्या बहिणीच्या लग्नात मांडवात सगळ्यांसमोर मी म्हणालो होतो, "आयुष्यभर नळ्या फोडल्या, आता माळ." दोन वर्षं तू बोलला नाहीस. मी त्याबद्दल कधी सरळ माफी मागितली नाही, दोघांनी विषय सोडून दिला. आज मागतो. तुझे वडील गेल्यानंतर तू ती का घातलीस, हे तेव्हा विचारायला हवं होतं मी.

मुक्तानं मटण खाल्लं. आवडीनं खाल्लं, रस्सा ओरपला, हाडूक चोखलं, आणि मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. मग हात धुताना म्हणाली, "बाबा, आजीला सांगायचं का?" मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, "मी फोनवर खोटं बोलणार नाही."

संध्याकाळी फोन आला. मागे टाळांचा आवाज. आई म्हणाली, "पोरीनं काय खाल्लं?" मुक्ता माझ्याकडे बघत होती. मी फोन घेतला आणि म्हणालो, "माठाची भाजी." आई म्हणाली, "लिंबू पिळलंस ना?"

तेव्हापासून झोप नाही. आज मिरजगावहून फोन आला होता, तेव्हाही तेच विचारलं. पातेलं माळ्यावर ठेवलंय. आज परत मटण आणलं नाही, अंडी उकडली. गोळी आता कल्पना समोर बसून देते, लिंबूपाण्याबरोबर, चहापासून दोन तास लांब. पोरीचा चेहरा किंचित उजळलाय असं मला वाटतं, कल्पना म्हणते वाटतंय फक्त. महिनाभरानं परत रक्त तपासायचं.

तुझ्या बोअरला पाणी लागलं का? राजूचं आयटीआयचं झालं का? वहिनींना नमस्कार, थायरॉइडची गोळी रोज घ्यायला सांग.

तू एकादशीला पंढरपुरात असशीलच. आई तुला हुडकून काढेल, दरवर्षी काढते. मुक्ताचं विचारेल. इंजेक्शनं झाली, गोळ्या चालू आहेत, एवढं सांग. जेवणाचं विचारलं तर या खेपेला भरीत नको. "त्यालाच विचारा" म्हण. ती एसटीनं परत येईल तेव्हा मी स्टँडवर जाणार आहे, घरी पोचायच्या आत, रिक्षातच सांगीन. काय शब्दांत, ते अजून जुळत नाही. तुला सुचलं तर कळव, आणि लवकर कळव.

तुझा,
सुभाष

ता. क. लोखंडी कढई काढली. गंज फार चढला होता, मुक्ता आणि मी दोघांनी मिळून घासली.