मळीची धाव अल्कोहोलपर्यंतच का?

माननीय संपादक,

सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर, पण मळीची धाव बहुतेक अल्कोहोलपाशीच संपते. मळीतल्या साखरेचा हिशेब ग्लुकोज या साध्या साखरेवर मांडू: १०० किलो ग्लुकोज यीस्ट या सूक्ष्मजीवाने आंबवले तर हिशेबाने ५१ किलो अल्कोहोल मिळते. उरलेले ४९ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जाते. त्याच यीस्टमध्ये लॅक्टिक आम्ल (दह्यातले आम्ल) बनवणारे जनुक बसवले आणि अल्कोहोलकडे नेणारी जनुके बंद केली, तर कागदावर १०० किलोचे १०० किलो आम्ल. त्यापासून पीएलए हे जैवप्लास्टिक बनते.

हेच आम्ल बनवायला जिवाणू वापरले तर त्यांना आम्लता सोसत नाही, म्हणून चुना टाकून आम्ल मारावे लागते, पुढे गंधकाम्लाने ते सोडवावे लागते, आणि आम्लाच्या टनामागे साधारण टनभर जिप्समचा गाळ उरतो. यीस्ट पीएच ३ च्या आसपास, म्हणजे बऱ्याच आंबट द्रावातही, तग धरते. हा फार मोठा फायदा आहे. मात्र अल्कोहोलची जनुके सरसकट काढली तर ते ग्लुकोजवर नीट वाढतच नाही. आम्ल पेशीबाहेर फेकण्यातही त्याची शक्ती जाते, म्हणून थोडी हवा द्यावीच लागते. नवे जनुक प्लास्मिडवर (गुणसूत्राबाहेरच्या छोट्या डीएनए-कड्यावर) ठेवले तर पिढ्यांगणिक गळते, ते गुणसूत्रातच बसवावे. शिवाय यीस्टला ३० ते ३२ अंश मानवतात. आपल्या मे महिन्यात टाकीला गार पाण्याची सोय नसेल तर सगळे मुसळ केरात.

कारखान्यांनी सोलापूर विद्यापीठाला सोबत घेऊन ५०० लिटरची चाचणी टाकी उभारावी. जनुकबदल केलेल्या सूक्ष्मजीवांना १९८९ च्या नियमांनुसार परवानगी लागते. तो अर्ज टाकीची ऑर्डर देण्याआधीच करावा.

– किण्वन क्षेत्रातील काही तंत्रज्ञ, सोलापूर