पाच बुरुजांचा रणगाडा पटावर उतरवताना

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांवर (टेबलाभोवती बसून पात्रं वठवायची आणि फाशांवर निकाल ठरवायचा, अशा खेळांवर) लेख आला, वीसपैलू फाशाला मराठी वर्तमानपत्रात अर्धं पान मिळालं, याचा मनापासून आनंद झाला. मात्र सोबतच्या चौकटीत सोव्हिएत टी-35 रणगाडा खेळात आणायची जी रीत दिली आहे, तिने खेळ रंगणार नाही. तिथे रणगाडा एखाद्या राक्षसासारखा मांडला आहे: चिलखताचा एक आकडा, हिट पॉइंटचा (म्हणजे किती मार सोसेल त्या गुणांचा) एक ढीग आणि दर फेरीला पाच हल्ले. अशाने खेळ चालवणारा सूत्रधार एकटाच फासे टाकत राहतो आणि खेळाडू बघत बसतात.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळातले हे अनेक बुरुजांचे, म्हणजे तोफा-मशिनगनच्या फिरत्या मनोऱ्यांचे, रणगाडे चालत्या किल्ल्यासारखे होते. ब्रिटनच्या व्हिकर्स इंडिपेंडंटचा 1926 मध्ये एकच नमुना बनला. पाच बुरूज, आठ माणसं. तो आज बोव्हिंग्टनच्या संग्रहालयात आहे. टी-35 मात्र खारकोव्हला 1933 ते 1939 या काळात साठेक बनले. मधल्या उंच बुरुजात 76.2 मिमीची तोफ, दोन बुरुजांत 45 मिमीच्या तोफा, दोनांत मशिनगन, आणि आत दहा-अकरा माणसं. किल्लेदाराचा, म्हणजे गाडीच्या नायकाचा, हुकूम एकाच वेळी पाचही बुरुजांवर पोचत नाही, ही या गाडीची खरी अडचण. खेळ तिच्यावरच उभा करायला हवा.

म्हणून बुरूज खेळाडूंमध्ये वाटा. एकाकडे नायकपद आणि मुख्य बुरूज, एकाकडे चालक, उरलेल्यांकडे धाकटे बुरूज. नायकाला दर फेरीला दोनच हुकूम द्या. त्यासाठी कॅरमच्या दोन सोंगट्या त्याच्यासमोर ठेवा. हुकूम दिला की सोंगटी त्या खेळाडूपुढे सरकते. ज्याला हुकूम नाही, तो मागच्या फेरीत करत होता तेच करतो: त्याच दिशेला रोखलेला, त्याच लक्ष्यावर. चालकाला दिलेला हुकूमही या दोनांतलाच. तीन हुकूम दिले तर ताण निघून जातो, आणि एकच दिला तर गाडी दगडासारखी बसून राहते.

दुसरी चूक पाच हल्ल्यांची. 45 मिमीचे बुरूज पुढे उजवीकडे आणि मागे डावीकडे आहेत, मशिनगनचे पुढे डावीकडे आणि मागे उजवीकडे. म्हणजे तिरके, एकमेकांसमोर. मुख्य बुरूज चहूबाजूंना फिरतो. धाकट्यांना त्याची बैठक आड येते. शत्रू उजवीकडे असेल तर मुख्य तोफ, पुढची 45 मिमी आणि मागची मशिनगन. समोर असेल तर मुख्य तोफ आणि पुढचे दोन बुरूज. कुठूनही पाहा, एका लक्ष्यावर बहुधा तीनच बुरूज लागतात. प्रत्येक बुरुजाचा मारा-कोन कार्डशीटवर रंगीत स्केचपेनने आखून ठेवा, नाहीतर दर फेरीला वाद होतो.

आता मापं. 1 इंचाची चौकट 5 फूट धरली की प्रमाण 1:60 येतं. 9.72 मीटर लांब आणि 3.2 मीटर रुंद गाडी पटावर 16.2 सेंमी लांब, 5.3 सेंमी रुंद होते; ढोबळमानाने साडेसहा बाय दोन चौकटी. उंची 5.7 सेंमी. वेग ताशी 28 किमी घेतला तर 6 सेकंदांच्या फेरीत ती 30 चौकटी जाते, आणि कॅरम बोर्डाचा 74 सेंमीचा पट असतो 29 चौकटींचा! एका चालीत पट संपतो. शेतातून ताशी 10 किमी धरा, म्हणजे 11 चौकटी येतात. 10 ठेवल्या तर मोजायला सोपं. आतल्या झटापटीसाठी हा पट चालत नाही, तिथे एका चौकटीत दोन-तीन माणसं कोंबली जातात. आतला आराखडा 1:24 ने काढा, 40.5 सेंमी लांबीचा, ए-3 कागदावर नेमका बसतो.

प्रतिकृतीला खर्च फारसा नाही. धड सनबोर्डचं, मुख्य बुरूज एकावर एक चिकटवलेल्या दोन सोंगट्यांचा, धाकटे पुण्याच्या बोहरी आळीत मिळणाऱ्या कोटाच्या बटणांचे. तोफांना उदबत्तीची उरलेली काडी वापरा. इथे हमखास चूक होते: मधली तोफ मोठी म्हणून लांब लावतात. खरं तर तीच आखूड आहे. ती 1 सेंमी बाहेर ठेवा, 45 मिमीच्या 2 सेंमी. थर्माकोल वापरत असाल तर स्प्रे रंग थेट मारू नका, तो थर्माकोल खातो. आधी फेविकॉलचा हात द्या. बुरूज टाचणीवर फिरतात, पण कुठे पुठ्ठा वापरला असेल तर पावसाळ्यात तो फुगून अडकतात. बुडाला मेणबत्ती घासली की सुटतात.

मार कुठे बसला, त्यासाठी वीसपैलू फासा: 1 ते 7 पट्टे आणि चाकं, 8 ते 15 धाकटे बुरूज (प्रत्येकी दोन आकडे), 16 ते 18 मुख्य बुरूज, 19-20 इंजिन. बुरूज बंद पडला की तो खेळाडू रिकामा बसत नाही, शेजारच्याला तोफ भरून देतो. गोळ्या एकेक मोजू नका. मशिनगनच्या एका थाळीत, म्हणजे वर बसणाऱ्या गोल मॅगझिनमध्ये, 63 मावतात, तेव्हा थाळ्या मोजा.

आणि बिघाडाचा फासा विसरू नका. जून 1941 मध्ये युक्रेनमध्ये हे रणगाडे बहुतांशी क्लच आणि गिअरबॉक्स गेल्याने वाटेत सोडावे लागले. तोफांनी फोडलेले थोडेच. प्रत्येक प्रसंगाच्या सुरुवातीला आणि चिखलात काटकोनापेक्षा जास्त वळताना सहापैलू फासा टाका. 1 पडला की गाडी जागेवर थांबते, पण बुरूज चालू राहतात. दुरुस्ती चकमक संपल्यावरच. थांबलेली गाडी, तीन बाजूंनी शत्रू आणि हातात दोनच हुकूम, या प्रसंगासाठी तर हा रणगाडा पटावर आणायचा.

चौकट पुन्हा छापणार असाल, तर मारा-कोनांची आकृतीही सोबत छापावी ही विनंती. ज्यांना माणूस रणगाड्यात कसा मावतो ते पाहायचं आहे, त्यांनी अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम जरूर पाहावं. पाच बुरुजांची गाडी तिथे नाही, पण ब्रिटिश मटिल्डा रणगाड्यासमोर उभं राहून झडपेची रुंदी खांद्याशी ताडून पाहावी. जखमी माणसाला बाहेर काढायला किती फेऱ्या द्यायच्या, ते तिथेच ठरतं.

आपले,
काही नियमित वाचक आणि खेळाडू
सदाशिव पेठ, पुणे 30