गळाचे आमिष परसातल्या खतातूनच घ्यावे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

उन्हाळ्यात भाटघर, नीरा-देवघर या धरणांचे पाणी खाली गेले, की काठावर गळ टाकून बसणाऱ्यांची संख्या वाढते आणि त्याच दिवसांत आसपासचे शेतबांध कुदळीने उकरलेले दिसू लागतात. उकरणाऱ्यांना वाम किंवा शिंगाळा या माशांसाठी गांडुळे हवी असतात. एप्रिल-मे महिन्यांत वरची माती पार वाळून जाते आणि देशी गांडुळे ओलाव्यामागे खोल जाऊन निपचित पडून राहतात. मग बांधाचा तळ, पाटाची कड, मोरीच्या पाण्यावर वाढलेल्या केळीचा बुंधा, अशा जिथे म्हणून थोडी ओल शिल्लक आहे तिथे कुदळ पडते. झालेला खड्डा कोणी बुजवत नाही. मृगाचा पहिला जोराचा पाऊस नेमका त्यात शिरतो, बांध फुटतो आणि शेताची माती ओढ्यात जाते. मी स्वतः गळ टाकतो, त्यामुळे छंदाला विरोध करण्याचा प्रश्नच नाही. मात्र ज्याला गांडुळे हवीत त्याने ती स्वतःच्या परसातल्या खताच्या ढिगात वाढवावीत, दुसऱ्याच्या बांधात शोधू नयेत, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

पुष्कळ जणांचा अनुभव असा, की घरी खताचा ढीग आहे, पण त्यात गांडुळे सापडत नाहीत. याचे कारण बहुधा शोधण्याच्या जागेत असते. ताजे शेण आणि ओला कचरा यांचा नवा ढीग आतून तापतो. मधल्या भागाचे तापमान ५० ते ६० अंशांपर्यंत चढते आणि तिथे गांडूळ जगूच शकत नाही. ती असतात कडेला, तळाशी आणि ढीग थंडावल्यानंतर वरच्या पालापाचोळ्याखाली. ढिगाच्या सावलीकडच्या बाजूला भिजवलेले गोणपाट दोन-तीन दिवस अंथरून ठेवावे आणि सकाळी ऊन चढण्यापूर्वी ते हलकेच उचलावे. गोणपाटाच्या खालच्या बाजूला, धाग्यांत गुंतून बसलेली गांडुळे हाताने वेचता येतात, कुदळीला हातही लावावा लागत नाही. तिथेच मोहरीपेक्षा थोडे मोठे, लिंबासारख्या घाटाचे पिवळसर दाणे दिसले, तर ते फेकू नयेत. ते गांडुळांचे कोष असतात आणि साधारण तीन आठवड्यांत त्यांतून पिले बाहेर पडतात.

कोणते गांडूळ गळासाठी चांगले, यावर काठावर वाद रंगतात. गांडूळखताच्या केंद्रांतून जी जात सर्रास मिळते, ती तांबडी, अंगावर पिवळसर पट्टे असलेली आयसेनिया फेटिडा. ती भराभर वाढते, पण आकाराने लहान असते आणि जोरात दाबली की उग्र वासाचा पिवळा द्रव सोडते. माझी पसंती युड्रिलस युजेनी या मूळच्या पश्चिम आफ्रिकेतील जातीला आहे. ती जांभळट तपकिरी, बोटभर नव्हे तर चांगली वीतभर लांब होते, आपल्या उष्ण हवेत खुशीने राहते आणि गळावर चढवल्यानंतरही बराच वेळ वळवळत राहते. तळाशी फिरणाऱ्या वामीला हीच वळवळ खुणावते. रोहू किंवा मृगळ यांच्यामागे असणाऱ्यांनी गांडुळांच्या फंदात न पडता कणकेचा गोळाच लावावा.

ही गांडुळे टिकवायची म्हणजे फार मोठी विद्या नाही, पण दोन गोष्टींत हयगय चालत नाही. पहिली ओल. गांडूळ कातडीने श्वास घेते. कातडी कोरडी पडली तर ते गुदमरते आणि खतात पाणी तुंबले तर हवेअभावी जीव वाचवायला बाहेर पडते. खत मुठीत घट्ट पिळले असता बोटांमधून एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागू नये, इतकी ओल पुरेशी असते. नळाचे पाणी क्लोरीनयुक्त असल्यास ते रात्रभर उघड्या बादलीत ठेवून मग शिंपडावे. दुसरी गोष्ट खाणे. ताजे शेण घालू नये, कारण ते तापते आणि त्यातून अमोनिया सुटतो. पंधरा-वीस दिवस मुरलेले शेण, वाळलेला पाला, भाज्यांची देठे, केळीची साले, चहाचा चोथा एवढ्यावर गांडुळे मजेत राहतात. लिंबाच्या साली, लोणच्याचा खार, तेलकट उष्टे आणि मटण-मासळीचा कचरा मात्र वर्ज्य समजावा. यांतले शेवटचे तर उंदरांना आमंत्रणच असते. मुंग्यांसाठी कुंडीचे किंवा पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवण्याचा जुना उपाय अजूनही सर्वांत खात्रीचा आहे. परसात मोकळ्या कोंबड्या असतील, तर वर जाळी हवीच, नाहीतर आपण वाढवायचे आणि त्यांनी वेचायचे, असा प्रकार होतो.

वेचताना गळ्याजवळ जाडसर पट्टा आलेली, म्हणजे वयात आलेली गांडुळे गरजेपुरतीच घ्यावीत आणि बाकीची बीजासाठी राहू द्यावीत. मासेमारीला जाण्याच्या आदल्या दिवशी ती खतातून काढून ओल्या, स्वच्छ नारळाच्या भुश्यात किंवा शाई न सुटणाऱ्या कागदाच्या ओल्या कपट्यांत ठेवली, तर त्यांचे पोट रिकामे होते, अंग घट्ट होते आणि गळावर चढवताना ती तुटत नाहीत. नेण्यासाठी प्लॅस्टिकच्या बंद डब्यापेक्षा ओले फडके गुंडाळलेले छोटे मडके उत्तम, कारण पाझरणाऱ्या पाण्यामुळे ते आतून गार राहते. गाडीच्या डिकीत उन्हात ठेवलेल्या डब्यातील गांडुळांचे काय होते, ते ज्याने झाकण उघडून पाहिले आहे त्याला वेगळे सांगायला नको.

आता एक मुद्दा, ज्याकडे आमच्यापैकी बहुतेक जण लक्ष देत नाहीत. दिवस संपला, की उरलेली गांडुळे काठावर उपडी करून निघून जाण्याची रीत आहे आणि तसे करणाऱ्याला आपण जीवदानाचे पुण्य केले असेही वाटते. वर सांगितलेल्या दोन्ही जाती बाहेरच्या आहेत. आयसेनिया युरोपातून आली, युड्रिलस आफ्रिकेतून. अमेरिकेत मिनेसोटासारख्या उत्तरेकडील भागात हिमयुगानंतर जंगलात मूळची गांडुळेच उरली नव्हती. तिथे युरोपीय गांडुळे वसाहतींबरोबर पोचली, पुढे गळवाल्यांनी टाकलेल्या आमिषातूनही पसरली आणि जंगलाच्या जमिनीवरचा कुजक्या पानांचा थर त्यांनी खाऊन विरळ केला. त्या थरावर उगवणारी रोपटीही त्यामुळे कमी झाली. आता तिथले शासन उरलेले आमिष कचरापेटीत टाका, असे गळवाल्यांना बजावते. आपल्याकडची स्थिती हुबेहूब तशी नाही, सह्याद्रीच्या मातीत तिच्या स्वतःच्या देशी जाती आहेत. पण म्हणूनच त्यांच्या शेजारी परक्या जाती आपण होऊन नेऊन सोडण्याचे काही कारण नाही. उरलेली गांडुळे घरी आणावीत आणि पुन्हा ढिगात सोडावीत. त्याला एक मिनिट लागते.

शहरातील वाचकांकडे परस नाही, हे मान्य आहे. परंतु पुण्यात गांडूळखत प्रकल्प चालवणाऱ्या मिळकतींना महापालिका मिळकतकरात सवलत देते आणि घनकचरा नियमांमुळे मोठ्या गृहसंकुलांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा लागतो. अशा कित्येक संकुलांत गांडुळांचे हौद आहेत आणि हौद भरला, की जादा गांडुळांचे काय करावे हा प्रश्न तिथल्या माळ्याला पडतो. गळ टाकणाऱ्या रहिवाशांनी त्याच्याकडून मूठभर गांडुळे मागून घ्यावीत आणि बदल्यात हौद परतायला हात लावावा. दोघांचेही काम होते.

धरणांतील मासेमारीचे ठेके ज्या सहकारी संस्थांकडे असतात, त्यांना एक विनंती आहे. गळ टाकायला परवानगी देतानाच त्यांनी दोन अटी घालाव्यात: काठ आणि बांध उकरायचे नाहीत, आणि उरलेले आमिष तिथे टाकायचे नाही. पावसाळ्यापूर्वी या अटींचा एक मराठी फलक काठावर लावला आणि ज्यांच्या शेतांना त्रास होतो त्या शेतकऱ्यांना अट मोडणाऱ्याबद्दल संस्थेकडे तक्रार करता येईल अशी सोय ठेवली, तर येत्या मृगापर्यंत फुटणारे काही बांध तरी वाचतील.

आपला नम्र,
एक वाचक, भोर (जि. पुणे)