ऑफिसचं नेटवर्क वाटून द्यायला शिकवलंत, दादा, मनापासून थँक्यू

दादा,

फोनवर आभार मानून झालेत, तरी हे सगळ्यांसमोर लिहितोय, कारण चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत नेटवर्किंगचं काम करणारी बरीच पोरं आहेत आणि त्यांना अडलं तर विचारायला जवळ कोणी नसतं.

आमचं रत्नागिरीचं ऑफिस म्हणजे तीन बिल्डिंगा आणि बाजूला कोल्ड स्टोरेज, आणि एका सातबाऱ्यावर सगळ्या भावकीची नावं असावीत तसं सगळं एकाच नेटवर्कवर, कॉम्प्युटर, प्रिंटर, सीसीटीव्ही, आयपी फोन, पाहुण्यांचं वायफाय, काही म्हणजे काही वेगळं नाही. कोणत्याही मशीनने एआरपी, म्हणजे 'हा पत्ता कोणाचा' अशी हाक, टाकली की ती प्रत्येक मशीनपर्यंत जाणार, आणि वायफायवर तर ब्रॉडकास्ट, म्हणजे अशी सगळ्यांना मारलेली हाक, साधारण कमीत कमी स्पीडने जातं म्हणून ते हवेतला वेळ जास्तच खातं. दुपारी फोनवर आवाज तुटायचा आणि लोकं इंटरनेटवाल्याला शिव्या घालायची.

मी तुम्हाला मशीनचे आकडे सांगायला लागलो तर तुम्ही म्हणालात, आकडे राहूदेत, आधी कोण कोणाशी बोलतं ते लिहून काढ. दादा, या एका वाक्यासाठी हे पत्र आहे खरंतर. लिहायला बसल्यावर कळलं की कॅमेऱ्यांना रेकॉर्डर सोडून कोणाशीच बोलायचं नाहीये, पाहुण्यांना फक्त इंटरनेट पाहिजे, आणि कोल्ड स्टोरेजच्या टेंपरेचर कंट्रोलरपर्यंत अकाउंट्सच्या मशीनने पोचायचं काही कारणच नाही. व्हीएलॅन, म्हणजे त्याच स्विच-वायरींवर पाडलेले नेटवर्कचे वेगवेगळे वाटे, तिथेच ठरले, आकडे नंतर आले.

मग अ‍ॅड्रेसिंग. १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते सोडून दे म्हणालात, कारण घरचे बरेच राउटर तेच वापरतात आणि लांज्या-देवरुखातून कोणी व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कला, जोडलं की दोन्हीकडे तोच पत्ता, गोंधळ होतो. १०.२०.०.०/१६ घेतला, म्हणजे १०.२० ने सुरू होणारे सगळे पत्ते (तिरक्या रेषेनंतरचा आकडा जितका मोठा तितका तुकडा लहान), त्यातून प्रत्येक बिल्डिंगला एक /२० तोडून दिला, म्हणजे ४०९६ पत्ते, तिसरा आकडा ०, १६, ३२ असा पुढे जातो आणि कोअर स्विचला, म्हणजे सगळ्या बिल्डिंगा जोडणाऱ्या मुख्य स्विचला, एका बिल्डिंगसाठी एकच रूट, म्हणजे वाटेची एकच नोंद, लागते. आत प्रत्येक व्हीएलॅनला /२४, वापरायला २५४ पत्ते. एवढी जागा कशाला असं ऑफिसात विचारलं गेलं, पण १० ने सुरू होणारे पत्ते प्रायव्हेट आहेत, म्हणजे आपल्या नेटवर्कच्या आत कोणीही वापरू शकतं, एक कोटी सदुसष्ट लाखांच्या वर, तिथे काटकसर करून मिळणार काय? ब्लॉकमध्ये मोकळी जागा ठेवली तर नवीन मजला चढला तरी जुनं काही हलवावं लागत नाही.

डीएचसीपी, म्हणजे मशीनला आपोआप पत्ता देणारी सोय, तिच्या रिलेची आठवण पण तुम्हीच केलीत. व्हीएलॅन वेगळे झाल्यावर मशीनची पत्त्याची विनंती राउटरच्या पलीकडे जातच नाही, ती सर्व्हरपर्यंत पुढे पाठवायला सांगावं लागतं, नाहीतर सकाळी अख्खं ऑफिस बिनपत्त्याचं बसलं असतं.

तुम्ही तयार शीट पाठवून मोकळे होऊ शकला असतात. तसं न करता रात्री उशिरापर्यंत फोनवर बसून मलाच प्रश्न विचारत राहिलात, आपली दिवसभराची ड्युटी झाल्यावर, एक रुपया न घेता. आता दापोलीच्या शाखेला १०.२१ दिलंय आणि ती वाटणी मी स्वतः केलीय. शीट तुम्हाला मेल केलीय, व्हॉइस आणि सीसीटीव्हीमधले अ‍ॅक्सेस नियम तेवढे सवडीने बघा.