डेरी सिटी : तेरा वर्षांचा हट्ट

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

आयर्लंडमधला सर्वांत मोठा फुटबॉल क्लब कोणता, असे तू विचारले आहेस. करंडक मोजायचे असतील तर डब्लिनचा शॅमरॉक रोव्हर्स. त्यांनी लीग वीसहून अधिक वेळा जिंकली आहे, तेव्हा वादच नको. पण माझ्या मनातला क्लब विचारशील तर मी डेरी सिटीचे नाव घेईन, जरी उत्तर आणि दक्षिण आयर्लंडच्या लीग मिळून त्यांच्या नावावर लीगची जेमतेम तीन विजेतेपदे असली तरी.

क्लब १९२८ सालचा. फॉईल नदीकाठचे डेरी शहर ब्रिटनच्या अखत्यारीतील उत्तर आयर्लंडमध्ये येते, आयर्लंड प्रजासत्ताकाची सीमा मात्र अगदी जवळ. त्यामुळे क्लब बेलफास्टच्या आयरिश लीगमध्ये खेळू लागला आणि १९६५ मध्ये ती जिंकलाही. त्याच वर्षी युरोपियन कपमध्ये नॉर्वेच्या लिनकडून ऑस्लोत ५-३ असा मार खाल्ल्यावर डेरीने घरी ५-१ ने उट्टे काढले. पुढच्या फेरीत अँडरलेख्टने ब्रसेल्समध्ये ९-० असा धुव्वा उडवला आणि परतीचा सामना डेरीच्या घरच्या ब्रँडीवेल मैदानावर खेळवण्यास बेलफास्टच्या फुटबॉल संघटनेने मनाई केली, तेव्हा डेरीने तो सामनाच सोडून दिला. नऊ गोलांच्या पिछाडीवर असा बाणेदारपणा स्वस्तात पडतो, हे मलाही कळते. पण पुढे त्याच बाण्याची किंमत चांगलीच मोजावी लागली.

ब्रँडीवेल हे बॉगसाइड या कॅथलिक वस्तीला लागून. १९७१ मध्ये उत्तर आयर्लंडमधील कॅथलिक-प्रोटेस्टंट संघर्षात दंगलींचा वणवा पेटलेला असताना पाहुण्या बॅलिमीना संघाची बस पळवून जाळण्यात आली, आणि मग इतर क्लब तेथे यायला राजी होईनात. डेरीला ‘घरचे’ सामने सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या कोलरेनमध्ये खेळावे लागले. प्रेक्षक आटले, पैसाही आटला. १९७२ च्या ऑक्टोबरात सुरक्षा दलांची हरकत उरली नव्हती, तरीही ब्रँडीवेलवर परतण्याचा प्रस्ताव लीगमधील क्लबांनी अवघ्या एका मताच्या फरकाने फेटाळला. डेरी लीगमधून बाहेर पडली.

त्यानंतरची तेरा वर्षे क्लबचे नाव स्थानिक कनिष्ठ फुटबॉलमध्ये कसेबसे टिकून राहिले आणि ब्रँडीवेलवर ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यती चालू राहिल्या. आयरिश लीगचे दार काही उघडेना, तेव्हा टेरी हार्किन, टोनी ओडॉहर्टी, एमन मॅकलॉफ्लिन आणि एडी माहोन या चार माजी खेळाडूंनी सीमेपलीकडच्या लीग ऑफ आयर्लंडकडे मोर्चा वळवला. एका देशातील क्लबने दुसऱ्या देशातील लीगमध्ये खेळायचे, म्हणजे बेलफास्टची संमती आणि वरून आंतरराष्ट्रीय संघटनांचीही मंजुरी हवी. ते सारे सोपस्कार पार पडून १९८५ मध्ये डेरीला पहिल्या विभागात, म्हणजे नाव काही असले तरी प्रत्यक्षात दुसऱ्या श्रेणीत, प्रवेश मिळाला. दोन हंगामांत ती वर चढली. १९८८-८९ मध्ये तर डेरीचेच सुपुत्र असलेले प्रशिक्षक जिम मॅकलॉफ्लिन यांच्या हाताखाली तिने लीग, लीग कप आणि एफएआय कप (आयर्लंड प्रजासत्ताकाच्या फुटबॉल संघटनेचा कप) असे तिन्ही करंडक एकाच हंगामात पटकावले; कपचा अंतिम सामना कॉर्क सिटीशी बरोबरीत सुटल्यावर पुन्हा खेळवला गेला आणि त्यातला एकमेव गोल फेलिक्स हिली या डेरीकरानेच केला. बक्षीस म्हणून युरोपियन कपमध्ये पोर्तुगालची बेनफिका वाट्याला आली. डेरी दोन्ही सामने हरली, पण युरोपातला तो बलाढ्य संघ ब्रँडीवेलवर येऊन खेळला, हे महत्त्वाचे. हिलीच पुढे प्रशिक्षक झाले आणि १९९७ ची लीगही घरी आली.

नंतरची सगळी वाटचाल काही अभिमानाची नाही. खेळाडूंशी अधिकृत कराराशिवाय दुसरा छुपा करारही केल्याचे उघड झाल्याने २००९ मध्ये लीगने डेरीला हाकलले, आणि ती शिक्षा मला योग्यच वाटते. पुढच्या वर्षी खालच्या श्रेणीतून सुरुवात करून, तीच जिंकून ती परतली. २०१७ मध्ये कर्णधार रायन मॅकब्राइड अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी मरण पावला. मैदानाला आता त्याचे नाव आहे. २०२२ मध्ये शेलबर्नला ४-० ने हरवून सहावा एफएआय कपही जिंकला.

सामन्यांची चित्रफीत शोधणारच असशील तर २००६ चा यूएफा कप पाहा. स्वीडनच्या गोथेनबर्गला दोन्ही सामन्यांत १-० ने हरवून डेरीने स्कॉटलंडमध्ये ग्रेटनावर पाच गोल चढवले, आणि त्यानंतर पॅरिस सेंट-जर्मेनला ब्रँडीवेलवर एकही गोल करू दिला नाही. पॅरिसला जाऊन २-० ने हरले, ते सोड.

तुझा,
विनायक