संदर्भ कोल्हापुरातच आहेत, ते शोधायला शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला संशोधन प्रकल्प आला. तेव्हापासून समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा एकच प्रश्न गावातल्या प्रत्येक ग्रंथालयात ऐकू येतो : ‘या विषयावर काही आहे का?’ बहुतेक वेळा उत्तर मिळते, ‘नाही.’ मग मोबाईलवर पहिल्यांदा जे दिसेल ते उतरवले जाते आणि संदर्भसूचीत परीक्षेच्या तयार गाईड-पुस्तकांची नावे येतात. साहित्य नाही हे खरे नाही. ते कुठल्या शब्दाखाली, कपाटातल्या कुठल्या क्रमांकाखाली आणि कुठल्या जुन्या जिल्ह्याच्या नावाखाली दडले आहे, हे मुलांना कुणी सांगितलेले नसते.

कपाटापासूनच सुरुवात करू. बहुतेक महाविद्यालयांत पुस्तके ड्युई दशांश पद्धतीने, म्हणजे प्रत्येक विषयाला ठरावीक क्रमांक देऊन, लावलेली असतात आणि समाजशास्त्र ३०१ ते ३०७ या क्रमांकांत येते. या पद्धतीची १९वी आवृत्ती १९७९ मध्ये आली आणि समाजशास्त्राची मांडणी मुळापासून बदलली. त्याआधी जात आणि वर्ग यांवरची पुस्तके ३०१.४४ ला, विवाह-कुटुंब ३०१.४२ ला आणि ग्रामीण समाज ३०१.३५ ला लागत. नंतर तेच विषय अनुक्रमे ३०५.५, ३०६.८ आणि ३०७.७२ वर गेले. जुनी पुस्तके काढून नवे क्रमांक घालायला माणसे लागतात, तेवढी कुठल्याच महाविद्यालयात नसतात. त्यामुळे एकाच विषयाची पुस्तके दोन ठिकाणी उभी असतात. विद्यार्थी ३०५ चा खण पाहून परत फिरतो आणि जुनी, अनेकदा जास्त मोलाची पुस्तके ३०१ च्या खणात तशीच राहतात. दोन्ही खण पाहावेत. कामगारांचा विषय असेल तर ३३१ आणि समाजकल्याणाचा असेल तर ३६१-३६२ हेही पाहावेत.

ओपॅकवर, म्हणजे संगणकावरच्या तालिकेत, मराठी पुस्तकांची नावे पुष्कळदा रोमन लिपीत भरलेली असतात आणि भरणाऱ्यागणिक स्पेलिंग बदलते. पूर्ण शीर्षक टाकले की ‘नोंद सापडली नाही’ असे येते. त्याऐवजी लेखकाचे फक्त आडनाव टाकावे आणि यादी डोळ्यांखालून घालावी. दोन मिनिटे जास्त जातात, पण पुस्तक सापडते.

आता एक विषय घेऊन बघू. ‘इचलकरंजीतील यंत्रमाग कामगार.’ शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाईन संग्रहावर, हे शब्द देवनागरीत टाकले तर फारसे काही हाती लागत नाही, कारण मराठी प्रबंधांची शीर्षकेही तिथे अनेकदा रोमनमध्ये किंवा इंग्रजी भाषांतरात असतात. इंग्रजीत ‘पॉवरलूम’ एकदा जोडून आणि एकदा तोडून टाकावे. ‘टेक्स्टाईल’, ‘वीव्हर’, ‘डिसेंट्रलाईज्ड सेक्टर’ हेही टाकून पाहावे. जुन्या इंग्रजी कागदांत गावाचे नाव ‘इंचलकरंजी’ असेही लिहिलेले सापडते आणि इचलकरंजी ही कोल्हापूर संस्थानाखालची जहागीर होती, म्हणून ‘जहागीर’ हा शब्दही सोडू नये. एवढ्यावरही समाधान झाले नाही तर विद्यापीठ आणि विभाग निवडून यादी वाचत जावे. केवळ समाजशास्त्र विभागावर थांबू नये. यंत्रमागावरचे काम अर्थशास्त्र, वाणिज्य, भूगोल यांतही होते.

शोधगंगेवरचा प्रबंध सलग मिळत नाही. शीर्षक, प्रमाणपत्र, अनुक्रमणिका, प्रकरणे अशा वेगवेगळ्या फायली असतात. मुले पहिले प्रकरण उघडतात आणि तिथेच दमतात. आधी नावात ‘८०’ हा क्रमांक असलेली फाईल उघडावी. तीत मुखपृष्ठ आणि शेवटचे निष्कर्षांचे प्रकरण असते. ते उपयोगाचे वाटले तर संदर्भसूची, त्यानंतर साहित्याच्या आढाव्याचे प्रकरण. एका चांगल्या प्रबंधाची संदर्भसूची म्हणजे कुणीतरी तीन-चार वर्षे घालून तयार केलेली वाट असते, तिच्यावरून चालायला संकोच नको. मात्र त्यातली नोंद मूळ लेख न पाहता आपल्या सूचीत उतरवणे चूक आहे. प्रबंधातल्या छपाईच्या चुका तशाच पुढे जातात आणि तोंडी परीक्षेत उघड्या पडतात.

मराठी प्रबंधांत आणखी एक अडचण येते. जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची खिचडी असते. फाईलमध्ये शब्द शोधला तर सापडत नाही, कॉपी केला तर भलतेच उमटते. ‘या प्रबंधात हा शब्दच नाही’ असा निष्कर्ष त्यावरून काढू नये. अनुक्रमणिका बघून पाने चाळावीत, दुसरा मार्ग नाही.

नियतकालिकांची गोष्ट जास्त दुखरी आहे. इन्फ्लिबनेट या विद्यापीठ-ग्रंथालयांना जोडणाऱ्या यूजीसीच्या केंद्राच्या एन-लिस्ट योजनेत महाविद्यालयांना ऑनलाईन ६,००० हून अधिक नियतकालिके मिळतात. महाविद्यालय वर्गणी भरते, पण विद्यार्थ्यांच्या हाती लॉगिन पोचत नाही. लॉगिन आपोआप तयार होत नाही. महाविद्यालयातल्या जबाबदार व्यक्तीने विद्यार्थ्यांची नावे आणि ईमेल भरावे लागतात, दर वर्षी जुनी नावे काढून नवी घालावी लागतात. ते झाले तरी विद्यार्थी थेट प्रकाशकाच्या संकेतस्थळावर जातो, तिथे लेखाची किंमत डॉलरमध्ये दिसते आणि तो खिडकी बंद करतो. आत जायचे ते एन-लिस्टच्या पानावरून लॉगिन करूनच. केंद्र सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेतून सरकारी विद्यापीठे आणि संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके २०२५ पासून खुली झाली आहेत. त्यांत सेज आणि टेलर अँड फ्रान्सिस हे समाजशास्त्राला जवळचे प्रकाशक आहेत. विद्यापीठाच्या विद्यार्थ्याने आपल्या ज्ञानस्रोत केंद्रात, म्हणजे विद्यापीठाच्या ग्रंथालयात, जाऊन घरून लॉगिन कसे करायचे ते एकदा विचारून घ्यावे.

लॉगिन नसले तरी हात बांधलेले नाहीत. जेस्टोर या नियतकालिकांच्या ऑनलाईन संग्रहावर स्वतःच्या ईमेलने मोफत खाते उघडले की ३० दिवसांत १०० लेख ऑनलाईन वाचता येतात. ते उतरवून घेता येत नाहीत, म्हणून वाचता वाचताच टिपण काढावे आणि पानाचा क्रमांक तिथल्या तिथे लिहावा. १९५२ पासून निघणाऱ्या ‘सोशिऑलॉजिकल बुलेटिन’चे जुने अंक तिथे आहेत. ‘इकॉनॉमिक वीकली’चे १९४९ ते १९६५ चे लेख त्याच्या आजच्या अवताराच्या, म्हणजे ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’च्या (ईपीडब्ल्यू), संकेतस्थळावर मोफत आहेत. ग्रामीण समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने ते पाहावेतच, कारण भारतातल्या गावांचे सुरुवातीचे कितीतरी अभ्यास १९५० च्या दशकात तिथेच प्रथम छापले गेले.

आकडेवारीत चुका सर्वांत जास्त होतात. २०११ च्या जनगणनेची कोल्हापूर जिल्हा पुस्तिका दोन भागांत आहे. ‘अ’ भागात गावनिहाय सोयी, ‘ब’ भागात गावनिहाय लोकसंख्येचा गोषवारा. जिल्ह्याचा संकेतांक ५३० आहे, तो टाकला की एक्सेल फाईल लवकर सापडते. साक्षरतेचे प्रमाण काढताना एकूण लोकसंख्येने भागायचे नसते; ० ते ६ वयोगट वजा करून उरलेल्या संख्येने भागायचे. ही चूक जवळपास प्रत्येक दुसऱ्या प्रकल्पात दिसते, आणि गाव प्रत्यक्षात आहे त्याहून निरक्षर ठरते. यंत्रमाग कामगार या गोषवाऱ्यात वेगळे सापडणार नाहीत. ते बहुतांशी ‘इतर कामगार’ या रकान्यात विरघळलेले असतात. आणि २०११ च्या गोषवाऱ्यात अनुसूचित जाती आणि जमातींपलीकडे जातवार आकडे शोधू नयेत. सर्व जातींची छापील आकडेवारी १९३१ पर्यंतचीच आहे.

तिथे पुढचा खड्डा आहे. १९३१ चे ‘कोल्हापूर’ हे संस्थान होते, आजचा जिल्हा नव्हे. संस्थानाचा रायबागकडचा मुलूख आज बेळगाव जिल्ह्यात आहे. उलट चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, म्हणून १९५१ च्या जनगणनेतले चंदगड बेळगावच्या खंडात पाहावे लागते. सीमा न जुळवता ‘शंभर वर्षांतली वाढ’ काढली तर तो आकडा कुठल्याच भूभागाचा नसतो. तुलना करायचीच असेल तर तालुका किंवा गाव धरून करावी. १८७२ पासूनचे जुने खंड जनगणना विभागाच्या संकेतस्थळावर आहेत. १८८६ चे कोल्हापूर गॅझेटियर आणि १९६० ची नवी आवृत्तीही मोफत वाचता येते. १८८६ च्या खंडातली जातींची वर्णने मात्र इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेने लिहिलेली आहेत, ती पुरावा म्हणून जशीच्या तशी उचलू नयेत.

संस्थानकाळावर काम करणाऱ्यांसाठी कोल्हापूरचे पुरालेखागार आहे, पण दप्तर बरेचसे मोडीत आहे. मोडी येत नसेल तर डॉ. विलास संगवे यांनी संपादित केलेल्या ‘राजर्षी शाहू छत्रपती पेपर्स’च्या खंडांपासून सुरुवात करावी. संगवे स्वतः समाजशास्त्रज्ञ, आणि त्यांनी याच शहरात अध्यापन केले. तरीही २६ जुलै १९०२ च्या राखीव जागांच्या हुकमासाठी आजही मुले व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर देतात, याचे वाईट वाटते.

नियतकालिक खरे की बनावट हे ओळखायला पूर्वी यूजीसी-केअर ही विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची यादी होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती बंद झाली, त्यामुळे संपादक मंडळ आणि मागचे अंक स्वतः तपासावे लागतात. एआयने दिलेला संदर्भ असेल तर आधी तो लेख उघडून बघावा. लेखक खरा, नियतकालिक खरे आणि लेखच अस्तित्वात नाही, असे सर्रास होते.

प्राचार्य आणि विभागप्रमुखांकडे मागणी मोठी नाही. सत्राच्या पहिल्या महिन्यात एन-लिस्टची नावे भरावीत. विषय ठरण्यापूर्वी दोन-दोन तासांची दोन सत्रे ग्रंथालयातच घ्यावीत, एक कपाटासमोर आणि एक संगणकासमोर. करवीर नगर वाचन मंदिरासारखी १८५० पासूनची वाचनालये शहरात आहेत; तिथे मुलांना एकदा घेऊन जावे. आणि झालेले प्रकल्प दोन वर्षांनी रद्दीत घालू नयेत. शीर्षक, गाव, तालुका, किती जणांच्या मुलाखती घेतल्या आणि वर्ष, अशा पाच रकान्यांची एक वही संदर्भ विभागात ठेवली तर पुढच्या मुलाला कळेल की शिरोळच्या पूरग्रस्त कुटुंबांवर आधी काम झाले आहे की नाही.

आपली,
एक ग्रंथपाल, कोल्हापूर